परदेशात आपला माणूस तुरुंगात अडकला तर: सातारा-सांगलीच्या घरांसाठी पहिल्या फोनपासून पुढचं सगळं

माण-खटावचा ड्रायव्हर रियाधला असतो, जतचा वेल्डर शारजाला, कऱ्हाडचा पोरगा जहाजावर आणि इस्लामपूरची मुलगी लंडनला शिकायला. आठ दिवस फोन लागत नाही. मग रूमवरचा कुणीतरी कळवतो, "त्याला शुर्ते घेऊन गेले." शुर्ते म्हणजे तिकडचे पोलीस. घरातलं कुणी त्याआधी पोलीस ठाण्याची पायरीही चढलेलं नसतं, आणि आता प्रकरण दुसऱ्या देशाच्या पोलिसांशी आणि कायद्याशी असतं. अशा घरांसाठी हे लिहितो आहे. मी वकिली करतो आणि अशी माणसं माझ्याकडे येतात. बहुतेक जण उशिरा येतात. मधल्या काळात कुणाला तरी पैसे देऊन झालेले असतात, म्हणून हे सगळं आधीच माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

एकटं आपलंच घर यात सापडलंय असंही समजू नका. परदेशी तुरुंगांत १०,१५२ भारतीय आहेत, त्यात कच्चे कैदीही, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही तेही, आले, असं परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. त्यातले पाच हजारांहून अधिक सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या दोनच देशांत.

आधी खात्री करा

फोन बंद म्हणजे अटकच असं नाही. कंपनीने खोली बदलली असेल, माणूस दवाखान्यात असेल, किंवा मालकाने पासपोर्ट काढून घेतला असेल. रूमवरच्या मित्राला विचारा: कोण घेऊन गेलं, गणवेशात होते का, कुठल्या पोलीस ठाण्याचं नाव घेतलं, कागद दाखवला का. कंपनीच्या ऑफिसला फोन करून शांतपणे हेच विचारा. सौदीत मालकाने कामगार पळाल्याची तक्रार, म्हणजे 'हुरूब', टाकली असेल तर साधी रस्त्यावरची तपासणीसुद्धा अटकेला पुरते. ते प्रकरण आणि चोरीचा किंवा अमली पदार्थांचा गुन्हा यांत फार फरक आहे. पहिल्यात बहुतेकदा माणूस परत पाठवला जातो, दुसऱ्यात खटला चालतो.

आतून फोन आला तर तो दोन-तीन मिनिटांचाच असेल असं धरून चाला. त्यातली दोन मिनिटं रडण्यात जातात, आणि ते साहजिकच आहे. म्हणून फोनजवळ कागद-पेन ठेवा आणि घरातल्या एकाच, जरा खंबीर माणसाने बोलायचं ठरवा. विचारायचं ते एवढंच: ठिकाण कोणतं, केस नंबर किती, आरोप काय, पुढची तारीख कधी, काही कागदावर सही केली का, मारहाण झाली का, औषधं मिळतात का. गुन्हा केला की नाही हे फोनवर मुळीच विचारू नका. तुरुंगातले फोन ऐकले जातात असंच समजायचं.

आतल्या माणसाने म्हणायचं एक वाक्य

"मी भारतीय नागरिक आहे, माझ्या दूतावासाला कळवा." हे वाक्य त्याने पहिल्या दिवसापासून, भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत राहायचं. हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, कसंही. मराठी सोडून काही येत नसेल तर 'इंडियन एम्बसी' हे दोन शब्द पुरतात.

या वाक्यामागे कायदा आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६. भारतासकट जगातले बहुतेक देश या कराराने बांधलेले आहेत. परक्या देशाच्या नागरिकाला पकडलं की त्याला "तुझ्या दूतावासाला कळवू का?" असं विनाविलंब विचारणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तो हो म्हणाला की कळवणंही बंधनकारक. दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला तुरुंगात भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकील लावून देण्याचा हक्क आहे. मेख अशी की बहुतेक ठिकाणी हे सगळं कैद्याने मागितल्यावर चालू होतं. घाबरलेला माणूस "गावाकडे कळेल, बदनामी होईल" म्हणून नको म्हणतो आणि तिथेच सगळं अडतं. अनेक देशांत खासगीपणाचे कायदे कडक आहेत. कैद्याने संमती दिली नाही तर तो तिथे आहे की नाही, एवढंसुद्धा तिथलं सरकार आपल्या दूतावासाला सांगत नाही.

हे कलम किती वजनदार आहे ते आपल्याच मातीतल्या एका प्रकरणात जगाने पाहिलं. कुलभूषण जाधव यांचा जन्म सांगलीचा, घराण्याचं मूळ साताऱ्याच्या जावळी तालुक्यातलं. त्यांना पकडल्याचं पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये जाहीर केलं आणि १० एप्रिल २०१७ ला लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारताने भेटीची मागणी पुन्हा पुन्हा केली, पण तोवर एकाही भारतीय अधिकाऱ्याला त्यांना भेटू दिलं नव्हतं. ८ मे २०१७ ला भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल लागला: पाकिस्तानने कलम ३६ मोडलं आहे, जाधवांना त्यांचे हक्क सांगा, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून हा हक्क लागू होत नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. २ सप्टेंबर २०१९ ला भारतीय अधिकाऱ्याची त्यांच्याशी पहिली भेट झाली. सुटकेची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. कलम ३६ मुळे आपला माणूस एकटा पडत नाही आणि खटला अंधारात चालत नाही. तुरुंगाचं दार त्याने आपोआप उघडेल अशी आशा कुणी दाखवत असेल तर ती खोटी आहे.

दुसरं काम: सहीच्या बाबतीत सावध

न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही. आखाती देशांत न्यायालयाचं काम अरबीत चालतं. जबाब अरबीत लिहिला जातो, दुभाषा घाईत चार वाक्यं सांगतो आणि अंगठा घेतला जातो. पुढे वकील कितीही चांगला लावला तरी त्या जबाबाशी झगडण्यातच महिने जातात. "दुभाष्या द्या, वाचून दाखवा, मग सही करतो" असं म्हणायला हवं. दबावाखाली सही झालीच असेल, तर पहिल्या संधीला सरकारी वकिलासमोर किंवा न्यायाधीशासमोर तसं बोलून दाखवायचं आणि दूतावासाच्या अधिकाऱ्यालाही सांगायचं.

दूतावासाला कळवणं

माझ्याकडे येणाऱ्यांची इथेच सगळ्यात जास्त फरपट होते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आधी कार्यालय कोणतं ते ओळखा. दुबई, शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैराचं प्रकरण दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातं. अबू धाबी आणि अल ऐनचं अबू धाबीच्या दूतावासाकडे. सौदीत जेद्दा, मक्का, मदिना हा पश्चिमेचा भाग जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे. रियाध, दम्माम रियाधकडे. चुकीच्या ठिकाणी पाठवलेला अर्ज फिरत फिरत योग्य टेबलावर जातो, पण तोवर आठवडा गेलेला असतो. सुट्ट्याही पाहा: सौदीत शुक्रवार-शनिवार बंद, दुबईत शनिवार-रविवार.

मग तीन गोष्टी एकाच दिवशी करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. २०१५ पासून ते चालू आहे, परदेशात तुरुंगात असलेल्यांसाठी त्यात वेगळा प्रकार आहे, आणि नोंदणी क्रमांक मिळतो तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याच मजकुराचा ईमेल थेट दूतावासाला पाठवा. आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर फोन करा. कॉम्प्युटरची सवय नसेल तर आपलं सरकार सेवा केंद्रातल्या पोराकडून पोर्टल भरून घ्या, पण शेजारी बसून. पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकला की माणूसच सापडत नाही.

अर्जाची भाषा साधी ठेवा. मी लिहून देतो ती साधारण अशी असते: "माझे पती, नाव अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक, दम्माममध्ये अमुक कंपनीत ड्रायव्हर. अमुक तारखेपासून पोलिसांच्या ताब्यात असल्याचे त्यांच्या सहकाऱ्याकडून कळले. कृपया त्यांचा ठावठिकाणा व आरोप कळवावा, व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार त्यांची भेट घ्यावी, वकील व दुभाषा मिळेल असे पाहावे. त्यांना मधुमेह आहे, औषधाची चिठ्ठी सोबत जोडली आहे." एवढंच. पाच पानी कैफियत कुणी वाचत नाही. सोबत पासपोर्टची प्रत, व्हिसा किंवा इकाम्याचा (तिथल्या राहण्याच्या परवान्याचा) फोटो, कंपनीचं करारपत्र, नात्याचा पुरावा आणि औषधांची चिठ्ठी. आजाराचा उल्लेख टाळू नका; तब्येतीचं कारण असलं की तुरुंग प्रशासनाशी बोलायला अधिकाऱ्याला ठोस मुद्दा मिळतो.

त्यानंतर दर आठवड्याला एकदा, त्याच नोंदणी क्रमांकावर, विचारणा. रोज फोन करून चिडण्याने काम हलत नाही, आणि महिनाभर गप्प बसलं तर फाईल खाली जाते.

दूतावास काय करतो, काय करू शकत नाही

अधिकारी भेटू शकतो, तब्येत पाहू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, सुनावणीला हजर राहण्याची परवानगी मागू शकतो, छळ झाला असेल तर तिथल्या सरकारकडे तक्रार करू शकतो, पासपोर्ट नसेल तर परतीचा आपत्कालीन दाखला देऊ शकतो. याला आखातात सगळे 'आउटपास' म्हणतात. न्यायालयात तो आपला वकील म्हणून उभा राहू शकत नाही, जामीनदार होत नाही, आणि तिथला कायदा भारतीयांसाठी वेगळा करून घेऊ शकत नाही.

पैशाचं म्हणाल तर २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू, निराधार भारतीयाला सुरुवातीची कायदेशीर मदत, छोट्या गुन्ह्यातला दंड, परतीचं विमानतिकीट यासाठी त्यातून खर्च करता येतो. हा निधी आपोआप मिळत नाही. लेखी मागावा लागतो आणि घरची परिस्थिती दाखवावी लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तो इथे उपयोगी पडतो.

वकील आणि कागद

सरकारी खर्चाने वकील कधी मिळतो हे देशादेशात वेगळं आहे. ब्रिटनमध्ये पोलीस चौकशीच्या वेळीच वकील फुकट मिळतो. अमिरातीत फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल आणि आरोपीला वकील नसेल तर न्यायालय नेमून देतं. इतर बहुतेक प्रकरणांत स्वतःच लावावा लागतो. दूतावासाच्या यादीतून निवडा, फी लेखी ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या.

घरच्यांनी इथून मुखत्यारपत्र करायचं असेल तर नुसतं नोटरीचा शिक्का मारून ते तिकडे चालत नाही. नोटरी, मग राज्य सरकार म्हणजे मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय असा प्रवास असतो. सौदी, ओमान, बहरीनला अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाने कागदावर लावलेलं प्रमाणपत्र, चालतं. अमिराती, कतार, कुवेतसाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, आणि वर अरबी भाषांतर. आधी तिकडच्या वकिलाकडून मसुदा मागवा, मगच स्टँप पेपर घ्या. नाहीतर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

इथल्या कागदांसाठी वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात ते आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. हेल्पलाइन १५१००. नवरा आत असलेल्या बाईने तिथे जायला संकोच करू नये, तो तिचा हक्क आहे.

"माझी ओळख आहे, सोडवतो"

असं म्हणणारा आठवडाभरात दारात येतोच. कधी तो ज्याने पाठवलं तोच एजंट असतो. त्याला एक रुपयाही देऊ नका. आटपाडीकडच्या एका घरात तर शेळ्या आणि मंगळसूत्र विकून दिलेली रक्कम ज्या 'दंडा'साठी म्हणून गेली, तो दंड कोर्टाने लावलाच नव्हता. दंड असेल तर त्याला कोर्टाचा कागद असतो, तो दूतावासाकडून पडताळून घेता येतो.

एजंटाने खोटा व्हिसा दिला, नोकरीच्या नावाखाली भलत्याच कामाला लावलं असेल तर आपल्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, आणि नोंदणी नसताना परदेशी भरती करणं १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने गुन्हा आहे. या फिर्यादीची प्रत परदेशातल्या वकिलाला पाठवा. माणूस स्वतः फसलेला आहे हे दाखवायला ती कामी येते. २०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला नातेवाईक बाईने दिलेल्या पुडक्यात चरस निघालं म्हणून दोहा विमानतळावर पकडलं आणि दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. इथे घरच्यांनी तक्रार केली, अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला, ते पुरावे कतारच्या न्यायालयापर्यंत पोचले आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटून परत आले. त्या नवरा-बायकोच्या मागे घरचे हटून उभे राहिले नसते तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

शिक्षा लागली तर

अपिलाची मुदत अनेक देशांत दोन-चार आठवड्यांचीच असते. निकालाची प्रत हातात यायची वाट पाहू नका, त्याच दिवशी वकिलाला विचारा. कतारमध्ये आठ माजी नौसैनिकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशी सुनावली गेली, डिसेंबरमध्ये अपिलात ती रद्द होऊन कैद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. त्यामागे सरकारी पातळीवरचे प्रयत्न होते हे खरं, पण अपील वेळेत दाखल होतं हेही तेवढंच खरं. आखातात रमजान, ईद, राष्ट्रीय दिन अशा वेळी शिक्षामाफी जाहीर होते. त्या यादीसाठी चांगली वर्तणूक आणि भरलेला दंड पाहिला जातो, म्हणून दूतावासाला आधी महिना-दोन महिने आठवण करा.

उरलेली शिक्षा भारतात भोगण्याची सोयही आहे. कैदी प्रत्यावर्तन कायदा, २००३. ज्या देशांशी करार आहे तिथूनच हे जमतं: ब्रिटन, फ्रान्स, इटली, स्पेन, सौदी, अमिराती, कतार, कुवेत, बहरीन, इराण, श्रीलंका, मालदीव, थायलंड, रशिया, ऑस्ट्रेलिया आणि आणखी काही. निकाल अंतिम झालेला हवा, म्हणजे अपील प्रलंबित नको. साधारण सहा महिने तरी शिक्षा शिल्लक हवी. तो गुन्हा भारतातही गुन्हा असायला हवा. फाशीच्या कैद्याला हे लागू नाही. आणि कैद्याची स्वतःची व दोन्ही सरकारांची संमती हवी. अर्ज कैद्याने तिथल्या तुरुंगातून करायचा आणि घरच्यांनी इथून परराष्ट्र व गृह मंत्रालयाला पत्र द्यायचं. वेळ फार लागतो. भारतात कोणत्या तुरुंगात ठेवायचं ते केंद्र सरकार राज्याशी बोलून ठरवतं, त्यामुळे म्हातारे आई-वडील कुठे राहतात, मुलं किती लहान आहेत हे अर्जात स्पष्ट लिहा. इथे आल्यावर आपल्या न्यायालयात त्या निकालाला आव्हान देता येत नाही, म्हणून निर्दोष असल्याची लढाई संपायच्या आधी हा अर्ज करू नका.

कुणीच हलत नसेल तर

खासदारांचं पत्र घ्या. परराष्ट्र मंत्रालयाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या तक्रारीवर काय कारवाई झाली ते विचारा. तरीही उत्तर नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. परदेशातल्या खटल्यात आपलं न्यायालय हात घालत नाही, पण दूतावासाने भेट घ्यावी, मदत द्यावी असा आदेश केंद्र सरकारला देऊ शकतं. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

जे अजून निघालेले नाहीत त्यांच्यासाठी

बॅग भरताना आईला सांगा: अनारसे देऊ नको. त्यावर खसखस असते, आणि अमिराती, सौदी, सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. मसाल्यातही पाहा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊ नका. "आमच्या भाच्याला एवढं पुडकं दे" म्हणणाऱ्याला, तो भावकीतला असला तरी, नाही म्हणा. दुसऱ्याचं सोनंही नको.

भरती करणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी पास नसलेल्यांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना उत्प्रवास मंजुरी लागते. ती चुकवून पर्यटक व्हिसावर जाणारा माणूस तिथे कामाला लागला की तिथल्या कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकतो. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे, आणि त्यात नोकरीच्या वादातल्या कोर्टखर्चासाठी ४५ हजारांपर्यंत तरतूद आहे. जहाजावर जाणाऱ्या मुलांनी कंपनीचा आरपीएसएल क्रमांक, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा क्रमांक, नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासावा. तो नसेल तर जहाज अडकल्यावर मालक कोण हेच शोधत बसावं लागतं.

घरी एका पाकिटात ठेवून जायचं ते असं: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसा, करारपत्र, विम्याचा कागद, एजंटाची पावती, कंपनीचा पत्ता, रूमवरच्या दोन जणांचे नंबर, आणि त्या शहरासाठी भारताचं कोणतं कार्यालय आहे त्याचं नाव व फोन. पोचल्यावर इकामा किंवा ओळखपत्र मिळालं की त्याचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवायचा, आणि घरच्यांनी त्याची छापील प्रत काढून त्याच पाकिटात टाकायची.